कोर्टातल्या बाकाचं टेबल

रंगाच्या दुकानात माझ्यापुढे दोन म्हातारे भाऊ उभे होते. थोरल्याने गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं,

"जेवायच्या टेबलाला काय लावावं हो? लाकूड जुनं आहे. कोर्टातल्या बाकाचं."

"कोर्टातला बाक?"

"मोडीत काढला होता, आम्ही घेतला. वाटणीच्या खटल्यात एकोणीस वर्षं त्यावरच बसलो. मी या टोकाला, हा धाकटा त्या टोकाला."

धाकटा म्हणाला, "रविवारी दोन्ही घरं या टेबलावर एकत्र जेवणार आहेत. पहिल्यांदाच."

"मग व्हार्निश मारा, काका. पाणी सांडा, गरम पातेलं ठेवा, दहा वर्षं बघायला नको."

"मी हेच म्हणत होतो. चकचकीत हवं!"

"चकचकीत तुझं टक्कल आहे, दादा, तेवढं पुरे. मला लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात. तेल लावायचं."

"झालं! एकदा तरी माझ्या हो ला हो म्हणाला असतास, तर खटला एका दुपारीत मिटला असता."

"आधी वकिलाकडे कोण पळालं?"

"तू पळवलंस म्हणून पळालो!"

"काका, मागे लोक खोळंबलेत. तेलाचं एक सांगून ठेवतो. ते दर सहा महिन्यांनी पुन्हा चोळावं लागतं. एवढ्या टेबलाला दोन माणसं लागतील."

"दर सहा महिन्यांनी?"

"हो."

"आमची तारीखसुद्धा सहा-सहा महिन्यांनीच पडायची."

"एकोणीस वर्षांत मी एकही चुकवली नाही, दादा."

"मी तरी कुठे चुकवली? द्या हो तेल. मोठा डबा द्या."