ऊर म्हणजे गाव

मंडळी, ऐका. आज एक साधा प्रश्न विचारतो, उत्तर लगेच देऊ नका. खोटं बोललं तर पाप लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कुणाला शिवी दिली तर लागतं, हेही ठाऊक आहे. पण खरं माहीत असताना माणूस गप्प बसला तर? तोंड उघडलंच नाही, तर पाप कुठून आत शिरणार?

मागे कुणीतरी म्हणालं, "नाही लागत." कोण ते? बसा, बसा. तुमच्यासाठीच आजचं आख्यान आहे.

साताऱ्याहून दहिवडीला जाणारी सकाळची एसटी. खिडकीशी बसलेत रेवणसिद्ध गुरुजी. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, मांडीवर पिशवी. चौतीस वर्षं मराठीचं व्याकरण शिकवून निवृत्त झालेले. शिस्त एवढी की 'पाणी'चं 'पानी' केलं तर पोरगं तास संपेपर्यंत उभं! त्या दिवशी अकरा वाजता दहिवडीत त्यांचा सत्कार होता. शुद्ध भाषेची सेवा केली म्हणून शाल, श्रीफळ.

आता एक गोष्ट सांगतो, ती त्या गाडीत कुणालाच माहीत नव्हती. गुरुजींची मायबोली कानडी. गाव अक्कलकोटच्या पलीकडं. नोकरीला साताऱ्याकडं आले, तेव्हा मास्तर मंडळी त्यांच्या बोलण्याला हसायची. "काय हो, हेल काढता की गाणं म्हणता?" गुरुजींनी तो हेल घासून घासून काढला. कानडी घरात ठेवली आणि दार लावून घेतलं. आई गेल्यावर तर घरातही कुणाशी बोलायची राहिली नाही.

शेजारच्या सीटवर गौराबाई. सुकट-बोंबील विकणारी. दहिवडीचा बाजार होता, टोपली पायाशी. गुरुजी शाकाहारी, नाकाला रुमाल. निघतानाच दोघांची जुंपलेली.

"बाई, ही टोपली टपावर ठेवा."

"टपावर उन्हानं वास सुटंल, गुरुजी. हितं मी हाय की पायानं दाबून."

"वास आताच सुटलाय."

"मग तुमी टपावर बसा."

गाडी हसली. गुरुजी नाही हसले. त्यांनी मनात त्या बाईची एक पायरी ठरवून टाकली. आपण ठरवतो ना? एका वाक्यावरून माणसाची सगळी किंमत. तशीच.

पुढच्या सीटवर एक म्हातारी. हिरवं लुगडं, कपाळाला विभूती, एकटी. साताऱ्यात कुणी लांबचा भाचा तिला बसवून गेला होता. तिला उतरायचं होतं वाटेतल्या धोंडेवाडी फाट्यावर. पण तिथं तिकिटाचा टप्पा नाही, म्हणून भाच्यानं पुढचं, दहिवडीचं तिकीट काढलेलं. कंडक्टरला सांगायचं राहून गेलं; त्याला वाटलं, आजी शेवटपर्यंत जाणार.

धोंडेवाडीचं देऊळ खिडकीतून दिसलं आणि मागं गेलं. म्हातारी ताडकन उठली. छातीवर हात मारून ओरडली, "अक्कन ऊर होतरी! ऊर होतरी!"

आता तुम्ही सांगा, मराठी माणसाला काय ऐकू येणार? ऊर. आणि हात छातीवर. कंडक्टर म्हणाला, "ऊर दुखतोय आजीचा. अटॅक दिसतोय." मागून कुणीतरी म्हणालं, "पाणी द्या." दुसरा म्हणाला, "पाणी देऊ नका."

गुरुजींना काय ऐकू आलं? कानडीत ऊर म्हणजे गाव. म्हातारी म्हणत होती, "अक्काचं गाव गेलं हो."

सगळ्या गाडीत एका माणसाला कळलं. बाकीचे चाळीस जण धावपळ करत होते. आणि ज्याला कळलं तो खिडकीबाहेर बघत होता.

म्हातारी रडायला लागली. "अक्का... अक्का होदळु." अक्का गेली. थोरली बहीण वारली होती तिची. गौराबाईला वाटलं, आपल्यालाच हाक मारतेय. ती टोपली ओलांडून पुढं गेली, म्हातारीला पोटाशी धरलं, छाती चोळायला लागली. "हाय गं, हितंच हाय अक्का. भिऊ नगंस."

"मण्णिगे होंटीनरी," म्हातारी म्हणाली. "हन्नेरडक्क मण्ण."

कंडक्टर म्हणाला, "आता मान पण धरलीय म्हणतीये."

मंडळी, तुम्ही हसलात. तेही हसण्यासारखंच आहे. पण मण्ण म्हणजे माती. आपण नाही का म्हणत, अमक्याच्या मातीला चाललोय? तसंच, शब्दाला शब्द. ती सांगत होती, "मी मातीला निघालेय. बाराला माती आहे." त्यांच्यात पुरायची रीत. बारा वाजता बहिणीला पुरणार होते, आणि तिला शेवटचं तोंड बघायचं होतं. तेव्हा वाजले होते दहा. देऊळ दोन किलोमीटर मागं. खाली उतरवली असती तर चालत पोचली असती.

गुरुजींच्या मनात काय आलं, ते त्यांनीच मला पुढं सांगितलं. आलं असं: तोंड उघडलं, की म्हातारी माझ्या गळ्यात. कंडक्टर म्हणणार, तुम्हाला कळतंय ना, मग तुम्हीच उतरा, पोचवून या. अकराचा सत्कार बुडणार. आणि त्याच्याही खाली एक बारीक विचार होता. चाळीस जणांसमोर, कार्यक्रमाच्या मंडळींपैकी दोघे त्यात, आपण कानडी बोलायचं? शुद्ध मराठीचे गुरुजी?

गप्प बसले.

आणि गाडीनं काय केलं ऐका. ड्रायव्हर म्हणाला, "कुणाला मधी उतरायचं असंल तर माफ करा, गाडी थेट दवाखान्यात घालतो." एकानं कुरकुर केली नाही. मधल्या गावची माणसं सुद्धा म्हणाली, घाल. सगळ्या गाडीची दया एकवटली आणि पूर्ण वेगानं म्हातारीला तिच्या बहिणीपासून लांब घेऊन निघाली.

दहिवडीच्या सरकारी दवाखान्याच्या दारात गाडी उभी राहिली. म्हातारीबरोबर कोण थांबणार? जो तो घड्याळ बघतोय. गौराबाईनं टोपली उचलून कंडक्टरच्या हातात दिली. "स्टँडावर ठेव कुठंतरी."

"अगं, तुझा बाजार?"

"बाजार पुढल्या आठवड्याला बी भरतोय. हिला सोडून जाऊ व्हय? अक्का म्हणलीय मला."

गुरुजी हे बघत होते. ज्या बाईची पायरी त्यांनी ठरवली होती, ती खाली उतरली. गुरुजी गाडीतच राहिले.

सत्कार झाला. वक्ते म्हणाले, गुरुजींनी एकेका शब्दाला न्याय दिला. टाळ्या. गुरुजींना उत्तराचं भाषण करायचं होतं. उभे राहिले. समोर भिंतीवर घड्याळ, बाराला दहा कमी. 'सज्जनहो' म्हणाले आणि पुढचा शब्द येईना. लोकांना वाटलं, भरून आलं. व्यासपीठावरून उतरले ते तडक दवाखान्यात.

म्हातारी पायरीवर बसलेली, गौराबाईच्या खांद्यावर डोकं टाकून. गौराबाई म्हणाली, "डाक्टर म्हणतोय, काळीज ठणठणीत हाय. मग ही रडती कशापायी, तेच कुणाला उमगंना."

"तिचा ऊर दुखत नाही," गुरुजी म्हणाले. "ऊर म्हणजे गाव. धोंडेवाडी. तिची बहीण वारलीय. बाराला माती आहे."

गौराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आरं देवा. म्हंजे मी हिला उलटीकडं आनली?"

तिला वाटलं, गुरुजींना हे आत्ताच कुठून तरी कळलं. खरं सांगायला एवढा वेळ मिळाला होता गुरुजींना. मला गाडीतच कळलं होतं, एवढं एक वाक्य, बास. नाही निघालं तोंडातून. जीप केली, तिघं निघाले. वाटभर गौराबाई एकच म्हणत होती, "मी अडाणी. मीच उलटी आनली." आणि शब्दांना न्याय देणारे गुरुजी शेजारी बसून ऐकत होते. एकदा सकाळी गप्प, एकदा आता. दुसऱ्या वेळी तर सत्कारही आड नव्हता.

पोचले तेव्हा एक वाजला होता. अर्धा तास वाट बघून लोकांनी माती लोटली होती. निंगव्वा, म्हणजे ती म्हातारी, ढिगाऱ्याशी बसली. मूठभर माती वरून ठेवली. दोन्ही हातांनी ढिगारा चाचपत राहिली, चेहरा कुठल्या बाजूला असेल ते शोधत.

बहिणीचा मुलगा तापलेला. "कुणी आणलं हिला? एवढा उशीर? फाटा दिसला नाही तुम्हाला?"

गौराबाई पुढं झाली, म्हातारीच्या पायावर पडली आणि मुलाला म्हणाली, "माझं चुकलं, दादा. मला बोली कळली न्हाई. मीच दवाखान्यात नेली."

तिथं सगळं मिटत होतं, मंडळी. ती बाई स्वतःहून दोष घेत होती. गुरुजींनी नुसतं उभं राहायचं होतं.

गुरुजी म्हणाले, "त्यांचं नाही चुकलं. मला गाडीतच कळलं होतं. मी कानडी आहे. मी बोललो नाही."

गौराबाई उठली, लुगड्याची माती झटकली.

"गाडीतच?"

"हो."

"आन गप बसला?"

"हो."

गुरुजी मला म्हणाले, "महाराज, तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी वाट बघत होतो शिवीची." शिवी आली नाही. गौराबाई म्हणाली, "बरं. मग आता तरी इचारा तिला, सकाळपासनं पोटात काय हाय का."

गुरुजी म्हातारीशेजारी मातीत बसले. किती वर्षांनी, आईचा शब्द तोंडात घेतला. "यव्वा, ऊट माडीरेनरी?" आई, जेवलीस का?

निंगव्वानं मान वर केली. त्यांचा चेहरा निरखला. कानडीत एवढंच म्हणाली, "तुम्ही गाडीत होता ना, माझ्या मागं?"

गुरुजींनी मला हे सारं सांगितलं आणि म्हणाले, "कीर्तनात सांगा, आणि नाव घालून सांगा." म्हणून घातलं.

आता, मघाशी मागून 'नाही लागत' म्हणाले ते कुठायत? नका उठू. मी तुमच्याकडं बोट दाखवत नाही, माझंही घर काचेचंच आहे. फक्त आज घरी जाताना प्रत्येकानं आपल्या मनाशी एक गाडी उभी करा. तिच्यात कुणीतरी रडत होतं, आणि काय म्हणतंय ते फक्त तुम्हाला कळत होतं. त्या वेळी तुम्ही कुठल्या खिडकीबाहेर बघत होता?