वाढलेलं काकण

काकण फुटलं तरी ‘फुटलं’ म्हणू नये, ‘वाढलं’ म्हणावं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याचा हिशेब कधी कुणी केलाय का?

माझ्या सासरी, कुरुंद्यात, तेव्हा निजामाच्या राज्यात शाळा होती ती उर्दूची. म्हणून जाऊबाईंच्या चार वर्षांच्या सोनीला मीच घरी चिंचोके मांडून आकडे शिकवायची. एके दिवशी चिंचोके गोळा करताना हात पाट्यावर आपटला आणि लग्नाच्या चुड्यातलं एक काकण गेलं. नव्या नवरीचा चुडा तो!

सासूबाई आतून ओरडल्या, “काय फुटलं गं?”

मी रडायलाच लागले. सोनीनं मात्र तुकडे चिंचोक्यांसारखे रांगेत मांडले.

“फुटलं न्हाई आजी, वाढलं! एक होतं, आता तीन झाली. मोजून पाय!”

सासूबाई दारात आल्या. आधी तुकड्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“व्हय की, बराबर हाय लेकराचं. कासार आला की नवं भरू. तू रडतीस काहून?”

मी डोळे पुसते तोच सोनी वरवंट्याकडं सरकली.

“आजी, तुहं बी वाढवू का?”

सासूबाईंनी झटकन दोन्ही हात पदराखाली घेतले.