गुरुवारचा रस्सा

—अगं ये ना आत, नाक दाबून का होईना पण ये. मंडळाचं पातेलं तिकडे, वरच्या फळीवर, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यामागे. झाकण कुठे गेलं ते शोधावं लागेल. परवा शनिवारी गणपती आणि प्रसादाचा शिरा यंदाही तुझ्याच गळ्यात पडलाय वाटतं — मग, सेक्रेटरी कशाला झालीस! दार तेवढं अर्धंच राहू दे, नीला. पूर्ण उघडलंस तर समोरची मृणालिनी विचारायला येईल, रत्नाताई, आज काय तळताय? तिला वाटतं गॅरेजमध्ये शेगडी पेटली म्हणजे अनारसे.

नाही, उंदीरबिंदीर मेलेला नाही. म्हणजे मेलंय, पण ते मी दुकानातून वजन करून आणलंय. बीफ. हो, बीफच म्हटलं मी. तीन पौंड. अशी मागे मागे सरकू नकोस, मागे लॉनमोअर आहे. बस त्या खुर्चीवर. पाच मिनिटं बसलीस तर काही लागणार नाही तुला, वास काय फोन करून मंडळाला सांगत नाही. आणि वारा कसला घेतेस त्या कार्डाने? रेसिपीचं कार्ड आहे ते. ठेव खाली. बरं, घे वारा. चष्मा आणलेला दिसत नाही, तेव्हा नुसता वाराच घेशील.

बफ बूर्गीन्यों म्हणतात याला. शेवटचं अक्षर नाकातून, पडसं झाल्यासारखं. फ्रेंचांचं आहे. मला वाटलं होतं काय मोठं असेल — तर काय, रस्सा! कांदा, गाजर, मटणाच्या जागी हे, आणि पाण्याच्या जागी अख्खी बाटली वाइन. वाइनच्या दुकानातला माणूस विचारतो, कुठली देऊ? म्हटलं, लाल दे. म्हणाला, कशाबरोबर पिणार? म्हटलं, पिणार नाही, ओतणार आहे. त्याचा चेहरा पाहायला हवा होतास. मांस मात्र इथलं नाही घेतलं हं, पार रॅली शहराच्या पलीकडे ड्राइव्ह करून गेले. पन्नास मिनिटं. काउंटरपाशी उभी राहिले तर घाम फुटला — आणि घाम कशाचा, तर आपल्यातलं कुणी भेटेल याचा. देव बघेल म्हणून नाही, सुमित्रा काकू बघतील म्हणून. बघ, इतकीच आपली भक्ती.

सगळं कार्डावर लिहिल्याप्रमाणे केलं मी, एक पायरी सोडली नाही. तुला माहितेय माझा स्वभाव. आधी बेकन परतायचं — हो, डुकराचं, तेही आहे. पाप करायचं तर सढळ हाताने. मग तुकडे कागदाने पुसून कोरडे करायचे, अगदी बाळाला पुसावं तसे. मग थोडे थोडे टाकून भाजायचे. मी पहिल्यांदा सगळे एकदम टाकले तर पाणी सुटलं आणि राखेच्या रंगाचे झाले. आणि कच्चं मांस समोर आलं तसा हात आपोआप हळदीच्या डब्यात गेला. कार्डावर हळद कुठे असणार? पण हात धजेना गं बिनहळदीचं शिजवायला. लावली चमचाभर. त्यामुळे रस्सा थोडा पिवळट दिसतोय. फ्रेंचांना कावीळ.

आणि मग लिहिलंय, तमालपत्र आणि असले काय काय पाले एकत्र दोऱ्याने बांधून आत सोडा. साधा सुती दोरा पाहिजे. आता सुती दोरा माझ्या घरात कुठला? एकच. वटपौर्णिमेचं सूत. रीळ आणलेलं होतं आईकडून, दरवर्षी वडाच्या जागी त्या कुंडीतल्या फायकसला गुंडाळते ना मी. तुम्ही सगळ्या येता, त्या बिचाऱ्या झाडाचा सुताचा गुंडा होतो. त्यातलंच हातभर तोडलं. सात गाठी मारल्या. हसू नकोस — बरं, हसत नाहीयेस. नको हसू.

कुणासाठी म्हणजे? ह्यांच्यासाठी. आमच्या ह्यांच्यासाठी. अगं ओरडू नकोस, मला वेड नाही लागलेलं. ह्यांना फार आवडतं हे. दर गुरुवारी खातात.

हो, गुरुवारी. दत्ताचा उपास असतो त्या गुरुवारी, तुझ्या विनयचा असतो तसा.

थांब, सांगते. पातेलं कुठे पळून जात नाही. त्या मिसेस ब्लांशार आठवतात? ह्यांच्या जुन्या बॉसची बायको, कॅनडाकडची फ्रेंच, पिकनिकला मोठी हॅट घालून यायची ती. बॉस गेला २००१ साली. तेव्हा हे म्हणाले, म्हातारीचा कॉम्प्युटर बिघडलाय, बघून येतो. बरं म्हटलं. मग म्हणे गुरुवारी संध्याकाळी इंडियाबरोबर कॉल सुरू झाले. सहा वर्षं झाली त्या कॉलला. मी म्हणायची, उपाशी माणसाला इतका वेळ बसवून ठेवतात, काय ही कंपनी! साडेआठला यायचे, दोन चमचे खिचडी खायचे आणि ताट सारायचे. म्हणायचे, उपासाला पोटभर खाऊ नये, रत्ना, मग तो उपास कसला? मला इतकं बरं वाटायचं — किती संयम बाई या माणसाला!

मी वहीत लिहिते ना रोज काय केलं, काय उरलं. परवा सगळ्या वह्या काढून बसले. दर गुरुवारी तेच. ‘साबु. खिचडी. ह्यांनी थोडीच घेतली. पित्त?’ पुढच्या गुरुवारी, ‘थोडीच घेतली. दाण्याचं कूट कमी करून पाहावे.’ अगं, मी सहा वर्षं कूट कमी-जास्त करत होते! एका ठिकाणी चक्क लिहिलंय, ‘डॉक्टरांना विचारावे.’ काय विचारणार होते डॉक्टरांना — की माझा नवरा उपासाला जेवत का नाही?

कळलं कसं? ती स्वतःच आली ना, गेल्या शनिवारी. हे मंडळाच्या मखराचं थर्माकोल आणायला गेले होते, तुझ्या विनयबरोबरच, दोघींचे नवरे एकदमच घराबाहेर. बेल वाजली, उघडते तर म्हातारी, आणि हातात हे लोखंडी भांडं, आत ते कार्ड — उचलून बघ, मनगट निखळेल. शार्लटला मुलीकडे राहायला चालली कायमची. म्हणाली, आता मी नाही, तेव्हा हे तुला शिकायला हवं, पुरूला सवय झालीय. पुरू! माझ्या सासूबाईंनी कधी पुरू म्हटलं नाही, त्या अख्खं पुरुषोत्तम म्हणायच्या, हाक मारली की आरती म्हटल्यासारखं वाटायचं. मी तर अजून नावच घेतलेलं नाही, उखाण्यात घेतलं तेवढंच. आणि ही म्हणते पुरू!

नाही गं, तसलं काही नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. तसलं असतं तर बरं झालं असतं, दोन दिवस रडले असते आणि सगळ्यांना सांगितलं असतं. आता सांगू काय? म्हातारी मला म्हणते, तू किती नशीबवान, पुरू इज सच अ टॉकर! टॉकर! आमच्या घरी ‘मीठ दे’ म्हणायचं तर हे नुसतं बोट दाखवतात. तिला सगळं माहीत. ह्यांची आई कशी वारली ते माहीत. वाईला घाटावर कोण मित्र बुडाला होता ते माहीत — मला नाही माहीत! अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला, आणि कुणी बुडालं होतं हे मला एक कॅनडाची बाई सांगते.

आणि मग माझा हात हातात घेऊन म्हणते, तू रागावू नकोस, पुरूने सांगितलंय की माय वाइफ इज व्हेरी ऑर्थोडॉक्स, शी वुड डाय.

शी वुड डाय. मी! अगं मी रेवदंड्याच्या कर्णिकांची, आमच्याकडे सोमवारीसुद्धा मासळी नसली तर मांजर जेवायचं नाही! तुला माहीत नव्हतं? कुणालाच माहीत नाही. लग्नाच्या बोलणीत सासूबाई म्हणाल्या, आमच्याकडे चालत नाही हो. मी ह्यांच्याकडे पाहिलं, हे जमिनीकडे बघत होते. सोडलं मी. एकदम सोडलं. अंडंसुद्धा नाही. इथे आल्यावर तरी कुठे — तुमच्या सगळ्यांच्या मते तर मीच सगळ्यात सोवळी. तूच म्हणतेस ना सगळ्यांना, नैवेद्य रत्नाकडे द्या, तिच्याकडचं स्वच्छ असतं.

आई आजारी होती तेव्हा गेले होते ना मी, २००३ ला. तिला उठवत नव्हतं, तरी ओट्याला धरून धरून उभी राहिली आणि सुरमईच्या तुकड्या तळल्या. चार. माझ्यासमोर ताटली ठेवली. आणि मी म्हटलं, नको गं, ह्यांना आवडत नाही. ह्यांना! हे आठ हजार मैलांवर होते. तिने ताटली झाकून ठेवली नुसती. परत आल्यावर महिन्याने फोन आला ती गेल्याचा. वहीत पाहिलं मी, तो कुठला वार होता. गुरुवार असेल असं वाटलं. मंगळवार होता. तेवढंही नाही.

जाऊ दे. हे मी कशाला सांगत बसले तुला. धूर लागतोय डोळ्यांना. गॅरेजमध्ये हाच त्रास, आत करावं तर तो अलार्म बोंबलतो.

तर आज. आज सकाळी हे म्हणाले, कॉल बंद झाला गुरुवारचा, सातला येतो. चेहरा असा, जणू घरातलं कुणी गेलंय. विनयही लवकर येणार, असं आत आल्या आल्याच म्हणालीस ना तू? हो, एकाच गाडीतून तर येतात. तर सातला येतील, हातपाय धुतील, मी पाट — म्हणजे खुर्ची मांडीन, रांगोळी काढीन चक्क, आणि चांदीच्या वाटीत हे वाढीन. बोलणार काही नाही. बघू काय करतात. ‘हे काय?’ म्हणाले तर माझ्या तोंडावर खोटं बोलले. खाल्लं तर मग बसून सांगावं लागेल सगळं, पहिल्यापासून, तिला सांगितलं तसं. वाईचा तो मुलगा कसा बुडाला तिथपासून. मला तेवढंच हवंय गं. खाऊ देत गाय, नाहीतर हत्ती खाऊ देत. माझ्याशी बोलू देत.

आणि ही दुसरी शेगडी माझी. सुरमई आहे त्या कूलरमध्ये, हळद-तिखट लावून ठेवलीय. ह्यांच्यासमोर बसून खाणार. चारही तुकड्या.

तू जरा मीठ बघतेस का याचं? बरं बरं, राहिलं! नैवेद्यासारखं न चाखताच वाढीन. तीन तास मंद आचेवर झालेत. मशरूम तेवढे लोण्यात परतून घालायचे शेवटी. किती घालायचे पण? तिच्याकडे तिघांचं प्रमाण आहे, म्हणून मी—

तिघांचं म्हणजे, असंच. पाहुणा गृहीत धरतात ना. ती, हे, आणि — मला काय माहीत? म्हातारी जरा जास्तच करायची, बाकी काही नाही. तू बघ ना ते झाकण सापडतंय का. अगं, नीला, चष्मा माझा आहे तो, शेगडीपाशी असू दे. तुला नाही लागणार, आपला नंबर सारखा नाहीये. पुढची बाजू वाच हवी तर, पुढे नुसती कृती आहे. मागे काही नाही. म्हातारीचं अक्षर इतकं वाईट आहे की — उलटं नको करूस ते. नीला, उलटं नको—

मी सांगणार नव्हते. शपथेवर सांगते, मी सांगणार नव्हते. इतकं नाक दाबलंस, गोमाता म्हणालीस, तरी गप्प बसले की नाही? मंडळात संस्कारांवर भाषण केलं विनयने, तेव्हाही काही बोलले नाही... तेव्हा माहीतच नव्हतं म्हणा. आणि त्यात वाईट काय लिहिलंय? ‘विनयला मशरूम जास्त, गाजर काढून.’ प्रेमाने लिहिलंय बिचारीने. तुझ्याकडेही येणार होती ती त्या दिवशी, पण तुमच्या कुत्र्याला घाबरते. भांडंही एकच होतं.

नीला. बोल गं काहीतरी.

घरी गाजर खातो का तो?

बरं. झाकण ते बघ, सायकलच्या मागे. पातेलं दोन्ही हातांनी धर, जड आहे. आणि नीघ आता. सहा वाजत आले — साबुदाणा भिजत घातला असशील ना सकाळी?