कोपऱ्यातलं चित्र

— व्हय की, धुकं लईच हाय आज. अजून समोरचा गोठा दिसंना. यंत्राच्या कंपनीची गाडी कागलपासनं हळूच आणावी लागली असंल. बसा पावणं, खुर्ची घ्या.

न्हाय, यंत्रात बिघाड न्हाय — माझी काय तक्रारच न्हाय. गेल्या साली आमच्या मंडळीचं, झुंबरबाईचं, अंग गेलं, वाचा गेली, डोळं तेवढं ऱ्हायलं, म्हणून थोरल्यानं, विजयसिंहानं, हे आणून खाटंसमोर उभं केलं. पडद्यावरच्या चित्राकडं जरा वेळ बघत ऱ्हायलं की यंत्र बोलतंय. गिलासाकडं बघितलं, की ‘कृपया मला पाणी द्या.’ आता आमची म्हातारी जन्मात कृपया म्हणाली न्हाय — ‘उठा, धार काढा’, एवढंच — पर यंत्रातली बाई पडली शिकलेली. घरात मान हाय तिला. सून माझं ऐकंना, त्या बाईचं मातुर लगीच ऐकत्या.

अडचण कसली म्हणताय? ते पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हाताच्या पंज्याचं चित्र हाय न्हवं, ते. मी खाटंच्या पायथ्याला, पडद्याच्या पल्याड, जाऊन बसलो रं बसलो, की ती बाई म्हणत्या, ‘कृपया मला एकटीला राहू द्या.’ रोज. सून तितंच बसली तर यंत्र गप. मला वाटलं, असंल बाबा — एवढी वर्षं तिला बोलायला सवड न्हवती, आता मिळाली. पोरगा फोनवर म्हणाला, आबा, यंत्र खोटं बोलत न्हाय. मग काय करायचं? अंथरूण उचललं आन् गोठ्यात — न्हाय वो, थंडी कसली, म्हस हाय की शेजारी. ती काय जा म्हणत न्हाय.

ते ऱ्हाऊ द्या. बोलायचं न्हवतं, बोलून गेलो.

आन् हे काय करतासा? ते पंज्याचं चित्र काढून टाकताय? न्हाय न्हाय, हात लावू नका. व्हय, काल फोनवर मीच काढा म्हणालतो. पर सकाळी शेजारची धोंडुबाई ताक घेऊन आली — मी पायथ्याला टेकतोय तवर यंत्र बोललं, मी निघालो. ती म्हातारीच्या उशाला वाकून उभी हुती, मला तितंच थांबवलं.

असू दे ते चित्र. रोज बोलू दे त्या बाईला. तुम्ही च्या घ्या आन् निघा, मला आत बसायचं हाय.

काय म्हणाली व्हय धोंडुबाई? म्हणाली, “आकारामतात्या, ती चित्राकडं बघतच न्हाय. चित्राच्या मागं, पडद्याच्या कडंवरनं, तुमचं तोंड दिसतंय, तिकडं बघत्या.”