मोह क्रमांक अकराखालची झाडलेली जागा

दिनांक ४ एप्रिल २०२५, दुपारी बारा वाजता.

मी, सौ. कामिनी गोपाल पटेल, वय ४४ वर्षे, शिक्षण एम.एस्सी. वनस्पतीशास्त्र, व्यवसाय वनविभागाकडे कंत्राटी वणवा-धोका सर्वेक्षक, रा. प्रकाशा, ता. शहादा, जि. नंदुरबार, समक्ष हजर राहून सांगते की, हा जबाब मी नऊ दिवस उशिरा देत आहे. त्याबद्दल प्रथम माफी मागते. हवालदार हिलाल पाटील यांच्या परवानगीने तो मी स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे.

माझे काम असे की, जंगलात आग कुठे लागू शकते ते पाहून नकाशावर लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका लावायचा. आमलीपाड्याच्या डोंगरावर मोहाची अडतीस झाडे आहेत. कोणते झाड कोणत्या घराचे, हे पाड्यात पिढ्यानपिढ्या ठरलेले आहे. पडलेली फुले दिसावीत म्हणून लोक झाडाखालचा वाळका पाला जाळतात. म्हणून मी अडतीसही झाडांना लाल ठिपका दिला. क्रमांक ११ चे झाड सुरुपसिंग वळवी, वय ६२, यांचे आहे.

त्याच डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या आहेत. पवनचक्की क्रमांक ७ ला मी हिरवा ठिपका दिला. पायथ्याभोवती दहा मीटर गवत काढलेले असते, असे कंपनीच्या कागदात होते. मी गेले त्या दिवशी फाटकाला कुलूप होते. मी पुन्हा गेले नाही.

दि. १५ मार्च रोजी पाड्यात बैठक घेऊन मी सांगितले की, यंदा पाला जाळू नका, झाडून काढा. तेव्हा सुरुपसिंग यांच्या पत्नी रेवाबाई म्हणाल्या, "ताई, तू कधी झाडलं आहे का मोहाखाली? कंबर मोडते." सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर कोणी झाडले, कोणी नाही, हे पाहायला मी गेले नाही. ठिपके लालच राहिले.

दि. २३ मार्च रोजी दुपारी सव्वातीनच्या सुमारास मी समोरच्या डोंगरावर असताना धूर दिसला. मी नकाशा उघडला. धुराच्या दिशेला लाल ठिपका क्रमांक ११ होता. मी वनरक्षक इंद्रसिंग पाडवी यांना फोन केला आणि संध्याकाळी अहवालात लिहिले, "आगीचा उगम: मोह क्र. ११, पाला जाळल्यामुळे." आग मी लागताना पाहिली नव्हती. मी धूर पाहिला आणि नकाशा पाहिला. अंदाजे चौदा हेक्टर जंगल जळाले. पवनचक्कीची केबलही जळाली, म्हणून कंपनीने या ठाण्यात तक्रार दिली आणि माझा अहवाल सोबत जोडला. सुरुपसिंग यांचे नाव तेथून आले. दुसरीकडून आलेले नाही.

दि. २६ मार्च रोजी सकाळी मी आणि इंद्रसिंग जागेवर गेलो. चहूकडे राख होती. मोह क्र. ११ खाली मात्र सुमारे पंधरा पावले रुंद गोल जागा जळलेली नव्हती. जमीन खराट्याने झाडलेली होती, खराट्याचे ओरखडे दिसत होते आणि त्यांवर त्या पहाटेची फुले पडलेली होती. रेवाबाई फुले वेचत होत्या. त्यांनी सांगितले की, आग आली तेव्हा त्या एकट्याच तिथे होत्या. पळायला वाट राहिली नाही, म्हणून खोडाला धरून उभ्या राहिल्या. आग दोन्ही बाजूंनी निघून गेली.

मी विचारले, "पाला जाळला नव्हता?"

त्या म्हणाल्या, "तूच सांगितलं ना, झाड. तीन दिवस झाडला. हात बघ माझे. मी जाळला असता तर आग वरून माझ्याच अंगावर आली असती का?"

मी त्यांचे हात पाहिले.

त्यानंतर आम्ही मोहापासून पश्चिमेकडे वर चालत गेलो. वाटेतल्या सागांची खोडे पूर्वेच्या बाजूला जास्त उंचीपर्यंत काळी होती. आग ज्या बाजूला जाते, त्या बाजूला खोड जास्त उंच काळे पडते. म्हणजे आग मोहाकडून आली नाही, मोहाकडे आली. मोहापासून चारशे मीटरवर पवनचक्की क्र. ७ जवळचा विजेचा खांब आहे. त्याच्यापलीकडे जळालेले काही नव्हते, नुसते गुडघाभर वाळलेले गवत होते. खांबाखाली एक घार मरून पडली होती, तिचे पंख जळालेले होते. घार तारेला चिकटून पेटली आणि गवतात पडली, असे इंद्रसिंग यांचे मत आहे. मी ते घडताना पाहिलेले नाही, म्हणून तसे म्हणत नाही. पवनचक्कीच्या पायथ्यापर्यंत गवत काढलेले नव्हते, हे मी पाहिले आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

हे सर्व मला २६ तारखेस माहीत होते. तरी मी आले नाही. पुरावा पूर्ण होऊ दे, असे मी रोजच्या डायरीत लिहीत राहिले. आज ती पाने पुन्हा वाचली. पुरावा २६ तारखेलाच पूर्ण होता. हिरवा ठिपका माझा होता.

आज सकाळी इंद्रसिंग यांचा फोन आला. "मॅडम, तुमचा अकरा नंबर, सुरुपसिंग, कालपासून चौकशीसाठी ठाण्यात येऊन बसतोय. नकाशा तुमचा आणि बाकडं त्याचं, हे बरंय." मी लगेच निघाले.

तरी माझे म्हणणे असे की, दि. २३ मार्चच्या अहवालातील उगमाबाबतचे वाक्य चुकीचे असून ती चूक माझी आहे. सुरुपसिंग वळवी किंवा त्यांच्या घरातील कोणीही आग लावल्याचा पुरावा माझ्याकडे नाही, नव्हता. दुरुस्त अहवाल आज वनविभागास दिला असून त्याची प्रत येथे देत आहे.

येथपर्यंत लिहून झाल्यावर हवालदार पाटील यांनी कागद पाहिला आणि ते अहिराणीत म्हणाले, "ताई, हाई जबाब शे, डायरी नही." परंतु काही खोडले नाही. साहेबांना दाखवून आले आणि व्हरांड्यात जाऊन सुरुपसिंग यांना म्हणाले, "बाबा, तुम्हनं काम व्हयनं. जा घर." सुरुपसिंग लगेच उठले नाहीत. हातातला चहा त्यांनी सावकाश संपवला. त्यांच्यासोबत आलेल्या रेवाबाईंनी खिडकीतून मला विचारले, "झालं का तुझं लिहून?" मी हो म्हणाले. "मग उद्या ये. फुलं अजून पडतात, पाला पण पडतो."

मी लिहिलेले हवालदार पाटील यांनी मोठ्याने वाचले, मी ऐकले आणि खिडकीशी उभ्या असलेल्या दोघांनीही ऐकले. ते मी सांगितल्याप्रमाणे आहे, आणि या वेळी मी पाहिल्याप्रमाणेही आहे. म्हणून सही करते.

सही: कामिनी गोपाल पटेल

उद्याचे काम: सकाळी सहाला मोह क्र. ११ खाली झाडायला जाणे. खराटा आपला न्यायचा, असे रेवाबाईंनी बजावले आहे.