पहिली मोटर

तेल्हाऱ्याच्या स्टँडवर मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"खुशालराव, तुमच्या संत्र्याच्या बागेची मोटर बंद कावून?"

"गावच्या विहिरीचं पाणी आत मारलेल्या लाल रेघेखाली गेलं. मंग बागाईच्या मोटरी बंद, पाणी फक्त प्यायले. ग्रामसभेचा ठरावच हाये तसा."

"पण पयली तुमचीच?"

"गावासाठी पाणी मोजते कोण? आमची सून, प्रणाली. मोजून आली अन् आमच्याच मोटरीच्या पेटीले कुलूप ठोकलं."

"सासऱ्याले इचारलं नाही?"

"इचारलं असतं, त मी नाही म्हटलं असतं."

"बाग वाळन ना!"

"वाळून राहिली."

"अन् तुमी हासून राहिले?"

"त्या संध्याकाळी गावात एकाही मोटरीचा आवाज नव्हता, भाऊ. आमचं कुलूप पाहून सगळ्यायनं आपापल्या बंद केल्या; प्रणालीले कोणाच्या दारी सांगाले जा लागलं नाही."