वर ‘धोका’, खाली ‘सर्व ठीक’

हसू नका, पण प्रोग्राम लिहिताना फंक्शनमध्ये रिटर्न लिहायचं राहिलं की मी अजून दचकते.

पप्पा तेव्हा जळगावला एका तेल मिलमध्ये बॉयलर सांभाळायचे, म्हणून कॉलेजसाठी मी प्रोग्रामही बॉयलरचाच घेतला. फंक्शनने प्रेशर तपासायचं, मुख्य प्रोग्रामने त्याचं उत्तर बघून भोंगा वाजवायचा. प्रेशर मुद्दाम जास्त टाकलं, तर स्क्रीनवर ‘धोका’ आलं आणि लगेच खाली ‘सर्व ठीक’!

संध्याकाळी पप्पा ड्युटीवरून आले. स्क्रीन बघून म्हणाले, "बठ्ठं ठीक शे? तपासायला गेलेल्यानं केलं काय?"

"स्क्रीनवर धोका लिहिलं."

"म्हणजे तिथंच ओरडला. वर कळवलं का?"

खरंच की! मी नुसतं प्रिंट लिहिलं होतं, उत्तर परत पाठवलंच नव्हतं. नावाला उत्तर देणारं फंक्शन, कामाला नुसती कृती करणारी प्रोसिजर. वर काहीच पोचलं नाही, म्हणून मुख्य प्रोग्रामने ठीक धरलं. रिटर्नची एक ओळ टाकली आणि भोंगा वाजला.

मी आनंदाने वळले, तर पप्पांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी मिलमधल्या सोबत्याला फोन लावला.

"सुभाष, सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतोय म्हणून दुपारी मी खालून ओरडलो होतो, ते तू साहेबांना कळवलंस ना?"

"कळवायचं होतं?" पलीकडून सुभाषने विचारलं.